खंडेनवमीचा जास्तीचा बोल्ट

माही गाडी रस्त्यानं निंघाली का एक तरी माणूस हटकून विचारते, "कुल्फी हाये काय?" दोन्हीकडं दोन चकचकीत पत्र्याच्या पेट्या, मांगं तिसरी, अन् मधात मी. गाडी एवढी उंच का थांबलं का माहा एकच पाय जमिनीले पोचते, थोबी बोटावर. म्हणून मी थांबाच्या आधी दगड पाह्यतो अन् दगडापाशीच थांबतो. घाटंजीच्या बजारात एका बाईनं पोराले सांगतलं, "रडू नको, थो पाह्य कुल्फीवाला." पोरगं उगी झालं. म्या मोठ्या मनानं पेटी उघडून दाखवली. आतमधी क्लचप्लेटा अन् ग्रीसचा डबा. पोरगं पयल्यापेक्षा मोठ्यानं रडाले लागलं.

मी पांढरकवड्याचा गाडीमिस्त्री. नाव बबन. शाळा तिसरीपर्यंत, थेबी मास्तर भला माणूस होता म्हणून. हे मी बोलून राह्यलो अन् माही सून लिवून राह्यली. जथी चुकलं असन तथी म्या सांगतलं असन, जथी बरोबर असन तथी तिनं आपल्या मनानं दुरुस्त केलं असन.

आमच्या गावावरून नागपूर-हैदराबादचा मोठा रस्ता जाते. त्या रस्त्यानं आता उंच उंच गाड्याईवर पाच-सहा जणाईच्या टोळ्या फिरतात. जंगल पाहाले, नदी पाहाले, काई नाई तं एकमेकाचे फोटो काढाले. जंगलात गाडी बसली तं तथी दुकान नसते, म्हणून थे मले संगं नेतात. माही जागा सगळ्यात मांगं. कोणाची गाडी बसली का थो कडंले थांबते, अन् मी मांगून येऊन पोचतो. म्हणजे मी दुकानच हाओ, फक्त चाकावरचं.

आता त्या गाडीवर सामान नेणं लोकाईले सोपं वाटते. मलेबी वाटलं होतं. पयल्या खेपेले म्या डाव्या पेटीत सारं लोखंड भरलं, पाने, पक्कड, टायर काढाच्या टाम्या, पंप. अन् उजव्या पेटीत ट्यूबा अन् तारा. गाडी डाव्या अंगावर कलाले लागली. मी उजवीकडं झुकून झुकून आर्णीपर्यंत गेलो. आर्णीच्या नाक्यावर पोलिसानं थांबवलं. म्हणे, तोंडाचा वास दे. म्या म्हणलं, साहेब, दारू नाही, लोखंड हाये. त्यानं एक पेटी उचलून पाह्यली, दुसरी उचलून पाह्यली, अन् मले लहान पोरासारकं समजावलं का दोन्हीकडं अर्धं-अर्धं भराचं असते. या धंद्याची पयली अक्कल मले पोलिसानं देल्ली.

बाकीची रस्त्यानं देल्ली. जड सामान खाली अन् इंजनाच्या जवळ ठेवाचं. ट्यूब तशीच टाकली तं पान्यानं घासून पेटीतच भोक पडते. तिले पावडर लावून जुन्या पँटीच्या पायात कोंबाची. क्लचची नवी तार पेटीत ठेवाचीच नाही. जुन्या तारेच्या संगं गाडीलेच बांधून ठेवाची, तुटली का टोकं बदलली अन् निंघाले. पेट्रोलची टाकी गळाले लागली तं अंगाचं साबण घासाचं, गावापर्यंत टिकते. माह्या साबणाची अर्धी वडी टाक्याईले लागते अन् अर्धी मले. वास दोघाईचा सारकाच येते.

अन् सगळ्यात मोठी चीज म्हणजे माहं फडकं. माही बायको सुमन, तिनं जुन्या धोतराचा तुकडा घेऊन त्याच्यावर माह्या एकेका औजाराच्या भोवती काळ्या रंगानं रेघ ओढून देल्ली हाये. काम संपलं का जे औजार थे आपल्या रेघेत ठेवाचं. रेघ रिकामी राह्यली म्हणजे औजार कोणाच्या तरी गाडीत राह्यलं. तीनदा राह्यलं हाये. एकदा तं चौदाचा पाना गिऱ्हाईकाच्या सीटखाली बसून हैदराबादले जाऊन आला. माह्यापेक्षा त्यानं जास्ती मुलूख पाह्यला.

आता जे सांगाले बसलो थे सांगतो. हे म्या आतापर्यंत अर्धंच सांगत आलो हाओ.

आमच्याकडं खंडेनवमीले, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, औजाराची पूजा असते. औजारं धुवून पाटावर मांडाची, हळद-कुंकू वाहाचं, झेंडूचं फूल ठेवाचं, अन् मंग दसऱ्याची पूजा होयेपर्यंत त्याईले हात लावाचा नाही. शेतकऱ्याचा विळा, सुताराची करवत, न्हाव्याचा वस्तारा, सारे त्या दिवशी निजतात. दोन वर्सांपूर्वी नेमके त्याच दिवशी नागपूरचे सहा जण निंघाले. शहरातल्या लोकाईले जोडून सुट्टी आली का थे गाड्या काढतात, त्याईचं चुकत नाही. टोळीचा म्होरक्या केतन सर. संगं एक डॉक्टर मॅडम, हाडाच्या डॉक्टर. मोटरसायकलवाल्याईनं हाडाची डॉक्टर संगं ठेवणं मले लय हुशारीचं वाटे.

मले जाचं होतं. कारण सांगाले लाज वाटते, पण सांगतो. थे लोकं मले 'मिस्त्रीकाका' म्हणत अन् फोटोत मधात उभं करत. दुकानात मले कोणी मधात उभं करत नाही.

मंग म्या डोकं चालवलं. माहे औजारं घरी पाटावर निजू द्याचे, फडक्यासकट, अन् दुसऱ्याचे घेऊन जाचं. म्हणजे देवाचंबी झालं अन् केतन सराचंबी झालं. माह्या बाजूले शब्बीरभाईचं दुकान. तीस वर्सं झाले, आमच्या दोन दुकानाच्या मधात एकच भिंत, अन् तिच्यातबी भोक, पाना इकडून तिकडं द्याले.

म्या भोकातून म्हणलं, "शब्बीरभाई, तुहा डबा दे एक दिवस. तुही तं नवमी नसते."

तिकडून आवाज आला, "नवमी को मैं भी शटर गिराता रे. पूरे बजार के औजार सो रहे, मेरे अकेले के खडखड करेंगे, अच्छा लगता क्या?"

"अबे, उद्याचा एक दिवस."

डबा भोकातून आला. शब्बीरभाईचं तोंड काई दिसलं नाही, आवाजच आला. "ले जा. पन सुन बबन, मेरे डब्बे का हिसाब मेरे दिमाग में है. कुछ कम हुआ या जास्ती हुआ, तेरे को समझनेवाला नहीं."

नवमीच्या सकाळी मी निंघालो तं सुमन दारात उभी होती. हातात हळद-कुंकवाचं ताट. म्हणे, "औजारं बदलले म्हणून का झालं? हात तं तुमचेच हायेत ना? वर्सभर काम तं थेच करतात. या, बसा पाटावर. त्याईलेबी हळद-कुंकू लावते अन् निजवते."

म्या हात पाठीमांगं लपवले अन् हासत हासत गाडीवर जाऊन बसलो.

घाटंजीकडून आम्ही जंगलाच्या रस्त्याले लागलो. रस्त्याचं नाव सांगत नाही. तथी लोकं राहतात, पोरीईचे लग्न जमवतात, त्याईच्या गावाले उगाच असं नाव नको. त्या रस्त्यानं पुढं एक घाट उतरला का पैनगंगेकडं जाता येते. सागाचं जंगल, मधामधात पऱ्हाटीचे वावरं, बोंडं नुकतेच फुटाले लागले होते. दहाच्या सुमाराले मोहाच्या झाडाखाली साऱ्या गाड्या थांबलेल्या दिसल्या. मॅडमच्या पुढच्या चाकातून कर्र कर्र आवाज येत होता.

ज्याईले माहीत नाही त्याईले सांगतो. पुढच्या चाकाले एक लोखंडी थाळी असते. तिले दोन्हीकडून चावणारा एक जबडा असते, त्याले कॅलिपर म्हणतात. त्या जबड्यात जे दात असतात थे ब्रेकपॅड. मॅडमच्या गाडीचे दात झिजून हिरडी घासत होती. हा सारा जबडा फक्त दोन बोल्टवर लटकलेला असते, एक वरचा, एक खालचा. त्यातला एक निंघाला अन् जोरात ब्रेक दाबला, तं जबडा फिरते, चाकात घुसते, अन् चाक जागच्या जागी थांबते. चाक थांबते, पण वरचा माणूस थांबत नाही.

म्या पेटी उघडली. पॅडचं पाकीट होतं, पण दुसऱ्याच जातीच्या गाडीचं. त्याच्या मागच्या महिन्यात एका साहेबानं असंच चुकीच्या गाडीचं सामान तीन वर्सं वागवलं म्हणून मी पोट धरून हासलो होतो. आता पाकीट गुपचूप खाली दाबलं. मॅडमची गाडी अन् माही गाडी एकाच जातीची. मंग म्या माह्या गाडीचे पॅड काढून त्याईच्या गाडीले लावले अन् त्याईचे झिजलेले माह्या गाडीले. मले काय फरक पडते? मी जिंदगीत पुढचा ब्रेक दाबला नाही. आम्ही गिट्टीच्या रस्त्यावर शिकलेले लोकं, पुढचा दाबला का तोंडावर पडतो, एवढंच डोक्यात बसलं. गिऱ्हाईकाले मी रोज सांगतो, पुढचा दाबत जा, थोच खरा ब्रेक हाये. अन् सोता मांगच्यावर पाय ठेवून फिरतो.

दोन गाड्या उघड्या, दोन जबडे, चार बोल्ट, चारी सारके. खाली माहं फडकं नाही, खताचं रिकामं पोतं आंथरलेलं.

केतन सर घड्याळ पाहून राह्यले होते. "मिस्त्रीकाका, अजून किती? ऊन चढतंय."

मॅडम म्हणल्या, "असू द्या हो, त्यांना घाई करू नका."

"झालंच, झालंच," म्या म्हणलं अन् पाना बोल्टवर बसवला. टक्. तो आवाज सागातून लांबवर गेला अन् परत आला. तवा मले समजलं का दुसरा कोणताच आवाज नाही. मोटारपंप नाही, ट्रॅक्टर नाही, कुऱ्हाड नाही. म्या म्हणलं, "आज साऱ्याईचे औजारं निजले, माहंच एक जागं हाये." कोणी हासलं नाही. मलेबी हासू आलं नाही, अन् माह्या गमतीवर मीबी हासत नाही असं पयल्यांदा झालं.

माही गाडी आधी जोडली, मॅडमची मंग. सहाही जण निंघाले. केतन सर म्हणले, "आम्ही हळूहळू जातो, तुम्ही आवरून या."

म्या औजारं डब्यात भरले. सुपारी-तंबाखूचा खर्रा काढला, घोटला, तोंडात टाकला. पोतं उचलाले गेलो तं पोत्यावर एक बोल्ट.

कॅलिपरचा बोल्ट.

मिस्त्रीच्या हातून औजार हरवलं तं नुकसान मिस्त्रीचं असते. पण जोडून झाल्यावर एखादी चीज उरली, तं नुकसान त्या गाडीवर बसलेल्याचं असते. माह्या तोंडातला खर्रा एकदम कडू झाला. म्या माह्या गाडीकडं पाह्यलं. वरचा बोल्ट होता, चमकून राह्यला होता. खालचा चाकाच्या आड, तो पाहाले वाकावं लागते. म्या वाकलो नाही. माह्या गाडीचं काम तं म्या आधी अन् निवांत केलतं. घाई झालती मॅडमच्या वेळेले. मंग त्याईचाच. का शब्बीरभाईच्या डब्यातला फालतू असन? त्याच्या डब्यात असे कितीक बोल्ट असतात. फोन लावला. रेंज नाही. केतन सराले लावला, मॅडमले लावला. रेंज नाही.

अन् पुढं घाट होता. मॅडम शहरात शिकलेल्या, पुढचा ब्रेक दाबणाऱ्या. वरून, दाबत जा म्हणून म्याच सांगतलेलं.

बोल्ट डाव्या मुठीत धरूनच गाडी सुरू केली.

पयलं गाव आलं. अकरा वाजले असतीन. रस्त्यावर माणूस नाही. एका घराच्या ओट्यावर विळे भिंतीले टेकवून मांडलेले, एकेकाच्या पात्यावर कुंकवाचं बोट. त्याच्या पुढं ट्रॅक्टर, नाकावर झेंडूचा हार, आंघोळ घातल्यानं अजून पाणी ठिपकून राह्यलेलं. पिठाची गिरणी बंद, जात्यावरबी फूल. शिलाई मशीन ओसरीवर काढलेली, तिच्या सुईले हळद. साऱ्या गावातले औजारं बाहेर येऊन बसले होते अन् माणसं आत होते. त्या साऱ्याईच्या मधून मी एकटा फडफड करत चाललो होतो. मले वाटाले लागलं, थे सारे माह्या हाताकडं पाहून राह्यले.

पारावर एक म्हातारा बसला होता, डोक्याले दुपट्टा गुंडाळलेला. म्या दगड पाहून गाडी थांबवली.

"राम राम बाबाजी. अथून सहा गाड्या गेल्या काय? मोठ्या, अशाच?"

"सात," थो म्हणे.

"सहा असतीन."

"मी काय पोट्टं हाओ काय बे? सात गेल्या. सहा संगंसंगं, अन् एक मांगून. पेट्यावाला. तुह्यावानी."

"हैदराबादचा कोणी असन. त्या रस्त्यानं लय येतात."

"असन बाप्पा." त्यानं माह्याकडं वरपासून खालपर्यंत पाह्यलं. "थोबी अथीच थांबलता. त्याच दगडापाशी. मले वाटलं पाणी मांगन. मांगलं नाही. मंग निंघून गेला."

माहा पाय ज्या दगडावर होता, थो म्या काढून घेतला. गाडी पडता पडता राह्यली.

कोसभर पुढं नाल्यावरच्या मोरीपाशी एक बाई बकऱ्या चारून राह्यली होती. मी दिसलो तशी कपाळावर हात धरून पाहाले लागली. म्या विचारायच्या आधी तिनंच विचारलं, "काहून भाऊ, परत कवा फिरले? आत्ताच तं गेले ना तुम्ही?"

म्या म्हणलं, "मी नाही बाई, दुसरा कोणी."

"मंग गाडी तुमची घेऊन गेला काय?" असं म्हणून थे हासली अन् बकऱ्यामांगं गेली.

मोरीपाशी रस्त्यावर चिखल होता. चिखलात टायराचे ठसे उमटलेले. तीस वर्सं टायर काढले, घातले. म्या वाकून पाह्यलं असतं तं मले एका नजरेत कळलं असतं का किती गाड्या गेल्या अन् सगळ्यात मांगचा टायर कोणत्या जातीचा. मी गाडीवरच बसून राह्यलो. त्या दिवशी दोनदा वाकाचं काम पडलं. पयल्या वेळेले आळसानं वाकलो नाही, दुसऱ्या वेळेले भेवानं. याचं मले अजूनबी वाईट वाटते.

घाटाच्या तोंडाशी पोचलो तं खाली रस्ता रिकामा. मनात एकच, मॅडम कोणत्या वळणावर पडलेल्या दिसतात. म्या गाडी तशीच खाली सोडली. दोन वळणं मांगच्या ब्रेकवर काढली. तिसऱ्या वळणाले जळल्याचा वास आला. मांगचा ब्रेक तापला होता, पाय पार खाली जाऊन राह्यला, गाडी थांबून नाही राह्यली. उजव्या हाताचे बोटं आपोआप पुढच्या ब्रेकवर गेले. जिंदगीत पयल्यांदा.

तेवढ्यात पुढं एक गाडी दिसली.

पेट्यावाली. अगदी हळू चाललेली, रस्त्याच्या मधातून, डावा इंडिकेटर लुकलुकता. मले एवढं बरं वाटलं का काय सांगू. म्हणलं आपल्यातलाच कोणी मले पाहून थांबत थांबत चालला. त्याले ठोकाची नाही म्हणून म्या बोटं काढले, गिअर पाडला, अजून एक पाडला, इंजनावर गाडी धरली. ओरडलो, "ओ सर! थांबा!" त्यानं मान फिरवली नाही. मी हळू झालो तं थोबी हळू. उरलेला सारा घाट त्यानं मले तसाच दुसऱ्या गिअरवर उतरवला. जवळून जाऊ देल्लं नाही, अन् लांबबी गेला नाही. त्याच्या डाव्या पेटीचं कुलूप तुटलेलं दिसलं अन् पेटी बैलाच्या लाल कासऱ्यानं बांधलेली. म्या मनात म्हणलं, पाहा, माह्यासारका दलिंदर दुसराबी हाये.

शेवटच्या वळणाच्या आड थो गेला. मी वळण घेतलं तं समोर सपाट रस्ता, कडुनिंबाखाली सहा गाड्या उभ्या, सहा माणसं पाणी पिऊन राह्यलेले. सातवी गाडी नाही.

म्या गाडी कडुनिंबाले टेकवली अन् सरळ मॅडमच्या गाडीपाशी जाऊन गुडघ्यावर बसलो. वरचा बोल्ट होता. खालचाबी होता. दोन्ही घट्ट. म्या हातानं चाचपून पाह्यले, पुन्हा पाह्यले.

"काय झालं काका?" मॅडमनं विचारलं.

म्या मूठ उघडली. बोल्ट एवढा दाबून धरला होता का तळहातावर त्याच्या आट्याईचे वळ उमटले होते. म्या साऱ्याईले सांगतलं का हा उरला, मले वाटलं तुमचा, फोन लागेना.

मॅडम बोल्ट घेऊन माह्या गाडीकडं गेल्या. हाडाच्या डॉक्टर, त्याईले तुटलेलं कुठं असते थे बरोबर समजते. त्या वाकल्या. मंग तशाच वाकलेल्या म्हणल्या, "काका, हा तुमचाच आहे."

खालचं भोक रिकामं. जबडा एका बोल्टवर लटकलेला, थाळीपासून बोटभर सरकलेला. एकदा दाबला असता तं...

सारे हासले. मीबी हासलो, सगळ्यात मोठ्यानं. हासता हासता खालीच बसलो.

केतन सरानं पाणी देल्लं. म्हणे, "पण तुम्ही तर पूर्ण रस्ताभर आमच्या मागेच होतात. म्हणून आम्ही कुठे थांबलोच नाही."

"हो ना," मॅडम म्हणल्या, "मला आरशात दिसत होतात. तेवढ्याच अंतरावर. घाटाच्या वर मात्र तुम्ही थांबलात. मला वाटलं, काकांना काहीतरी काम निघालं."

म्या तवा काय म्हणाले पाह्यजे होतं? म्हणाले पाह्यजे होतं का मी तवा मोहाच्या झाडाखाली खर्रा घोटत होतो. म्या म्हणलं, "हाव मॅडम, थोडं काम निंघालं." माहा तोंडचा पट्टा जिंदगीभर चालला, नेमका तथीच थांबला.

बोल्ट मॅडमनंच बसवला, त्याईच्या गाडीतल्या लहानशा पान्यानं. मले पान्याले हात लावू वाटला नाही. पेटी बंद कराले गेलो तं डाव्या पेटीवर माहा कासरा. लालच हाये थो, माह्या लग्नातल्या बैलाचा. कुलूप पावसाळ्यातच तुटलं होतं. घाटात थे पाहून मले आपल्या पेटीची याद आली नाही.

घरी आल्यावर शब्बीरभाईले सारं सांगतलं, भोकातून. त्यानं सारं आयकून घेतलं. मंग म्हणे, "वो तेरे को नीचे लेके आया ना?"

"हाव."

"तो फिर उसका नाम मत पूछ."

सुमनले फक्त बोल्टाचं सांगतलं. पुढच्या खंडेनवमीले थे ताट घेऊन आली, म्या न सांगता दोन्ही हात पुढं केले अन् पाटावर बसलो. त्या दिवशी भाकर तिनं चारली. सून हे लिवताना हासून राह्यली, हासू द्या.

तवापासून मी जोडलेली गाडी वाकून पाह्यतो, अन् सगळ्यात पयले आपली. पुढचा ब्रेकबी शिकलो, या वयात. मॅडमनं मले हेल्मेटात बसवाचं बोलाचं यंत्र देल्लं हाये, आता चालत्या गाडीवरून बोलता येते.

मागच्या हिवाळ्यात तीच टोळी, तोच घाट. म्या जाऊ नका म्हणलं नाही. काय सांगून म्हणणार? वरच्या तोंडाशी माह्याच चाकात खिळा घुसला. थे उतराले लागले, मी वरच थांबलो. चाक खोललेलं, ट्यूब बाहेर, हात काळे. तेवढ्यात कानात मॅडमचा आवाज आला. दोन वळणं खाली असतीन त्या.

"काका, मागे तुम्हीच आहात ना?"

आवाज जरा बारीक झालता. त्याईच्या समोर तिसरं वळण होतं, थेच. तथी भेवानं ब्रेक जोरात दाबल्या गेला, तं काय होते थे माह्यापेक्षा कोणाले जास्ती माहीत हाये?

म्या म्हणलं, "हाव मॅडम, मीच हाओ. दुसऱ्या गिअरवर आरामानं चाला."

"बरं वाटलं," त्या म्हणल्या.

हे आता छापून येईन, अन् त्या वाचतीन. मॅडम, म्या खोटं बोललो, माफ करा. माही गाडी घाटाच्या वर आडवी पडली होती अन् मी ट्यूबले थुका लावून हवा कुठून निंघते थे पाहून राह्यलो होतो. मंग म्या चिटकवलं, चाक बसवलं, नट घट्ट केले, वाकून पाह्यलं, दोनदा पाह्यलं. एकेक पाना फडक्यावर आपापल्या रेघेत ठेवला. घाई केली नाही. तुमच्या मांगं कोणतरी होतं.